हळदीकुंकवाचं बोट नेमकं कुठे अडतं?

कृष्णाकाठची | सोमवार, रात्री ११:४२

परवा शनिवारी घरी हळदीकुंकू केलं आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली. आई मिरजेला असते, थंडीत माझ्याकडे पुण्याला येते. बाबा गेले तेव्हा मी आणि दादाने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं यातलं काहीही होणार नाही, आणि झालं नाही. आत्या जराशी फुगली, पण तेवढंच. आई टिकली लावते, मरून, बारीक. मंगळसूत्र मात्र तिने स्वतःच काढून डब्यात ठेवलं, का ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तर सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाकताना मी मुद्दाम लिहिलं, 'सगळ्याजणींनी यायचंय, सगळ्या म्हणजे सगळ्या'. खाली अंगठे, बदाम, टाळ्या, सगळं आलं. वाण म्हणून स्टीलच्या चहागाळण्या आणल्या (प्लॅस्टिकचे डबे आता कोणालाच नको असतात, माझ्याकडेच मागच्या चार वर्षांचे पडून आहेत). आई दुपारभर वड्या थापत होती, खुशीत होती.

साडेपाचला पहिली आली ती वरच्या मजल्यावरची वहिनी. ही बाई म्हणजे माझ्या ऑपरेशनच्या वेळी रात्री दोनला गाडी काढणारी, तिच्याबद्दल एक वाकडा शब्द काढता येणार नाही. मी तिला हळदीकुंकू लावलं, तिने मला लावलं, आणि करंडा हातात घेऊन ती आईकडे वळली. बोट कुंकवात बुडवलेलं. आणि हात तिथेच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली की लाव ना, पण तेवढ्यात आईच खाली वाकली, ताट उचललं आणि म्हणाली, "तिळगूळ घ्या हं, गरम आहेत अजून." झालं. वहिनीने बोट मुकाट रुमालाला पुसलं.

खरी गंमत यापुढे आहे. वहिनीच्या मागे दोघी उभ्या होत्या, त्यांनी हे बघितलं होतं. त्यांनी मला लावलं आणि आईकडून वडी घेतली, थांबल्यासुद्धा नाहीत. त्यांच्या मागच्यांनी तसंच. दहाव्या बाईपर्यंत माझ्या हॉलमध्ये एक पद्धत तयार झालेली होती, मुलीकडे कुंकू, आईकडे तिळगूळ. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. सगळ्या आईशी गोड बोलल्या, कोणी पाया पडलं, कोणी वड्यांची कृती विचारली.

मग ही पद्धत केली कोणी? वहिनीने? ती तर लावणार होती. आईने? तिने फक्त ताट उचललं. मी केवळ मान हलवली, उठून सगळ्यांसमोर आईला कुंकू लावलं का नाही? रात्री हेच आठवत बसले. तुमच्याकडे काय होतं?

तिरपागडा | सोमवार, रात्री ११:५८

सोपं उत्तर, हळदीकुंकूच बंद करा. ज्या समारंभाचा पायाच 'नवरा जिवंत असलेल्या बायका' हा आहे त्यात सुधारणा कसली करताय. चहा पाजा, गाळण्या वाटा, नाव द्या 'गप्पांचा कट्टा'.

वाण_लुटा | मंगळवार, सकाळी ७:१५

तिरपागडा, गप्पांच्या कट्ट्याला माझ्या सासूबाई येणार नाहीत ना. हळदीकुंकू म्हटलं की त्यांना घरातून कोणी विचारत नाही कुठे चाललीस म्हणून, हे तुम्हाला कळणार नाही. वर्षातून एकदा सून-सासू-जावा ठेवणीतलं नेसून बाहेर पडतात, तिथेच स्थळं कळतात, भिशीची नवी मेंबरं मिळतात, कोणाच्या मुलीला त्रास आहे तेही तिथेच कानावर येतं. हे सगळं एका करंड्याभोवती चालतं. करंडा काढून घेतला तर बाकीचंही जाईल.

कृष्णाकाठची, वाचून गलबलले. आमच्याकडे काकू अशा दिवशी स्वयंपाकघरात असायच्या, 'कोणीतरी दूध बघायला हवं ना' म्हणून. लहानपणी मला खरंच वाटायचं की दूध उतू जाईल.

हिंगणे_स्टॉप | मंगळवार, सकाळी ९:३०

जरा मागे जाऊन बघू. विधवाविवाहाचा कायदा झाला १८५६ साली. त्यानंतर सदतीस वर्षांनी, १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या, आठव्या वर्षी विधवा झालेल्या. कायद्याने लग्न एकदम चोख होतं. पण कर्वे बायकोला घेऊन कोकणात मुरुडला गेले तेव्हा गावाने वाळीत टाकलं. सरकारने परवानगी दिलेली होती, शेजाऱ्याने दिलेली नव्हती.

आता दुसरी बाजू. केशवपन बघा. १८९० मध्ये मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनीच सभा भरवून ठरवलं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. मला हे फार भारी वाटतं कारण प्रथेची सगळी चर्चा शास्त्रात काय लिहिलंय यावर चाललेली, आणि या लोकांनी म्हटलं ते काहीही लिहिलेलं असो, हात आमचा आहे. त्या एका सभेने केशवपन संपलं असं नाही, पुढे कित्येक वर्षं ते हळूहळू घरोघरी सुटत गेलं. पण कुठल्याही प्रथेला शेवटी कोणाचा तरी हात लागतो, हे त्यांना बरोबर दिसलं होतं.

तुमच्या हॉलमध्ये तो हात वहिनीचा होता, बाकी काही फरक नाही.

माजी_ग्रामसेवक | मंगळवार, सकाळी ११:०५

नमस्कार. या विषयात हेरवाडचं नाव अजून कोणी कसं घेतलं नाही. कोल्हापूर जिल्हा, शिरोळ तालुका. ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, सरपंच सुरगोंडा पाटील. कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे हे गावात होणार नाही असा. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष, ६ मेला शंभर वर्षं होत होती, त्याचंही निमित्त होतं. आणि कोरोनात तरुण बायका विधवा झाल्या होत्या, ते सगळ्यांच्या डोळ्यासमोर होतं. लगेच १७ मेला ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून सर्व ग्रामपंचायतींना हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं. तेव्हा ग्रामविकास मंत्री हसन मुश्रीफ, तेही कोल्हापूरचेच.

यामागे करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांचा पाठपुरावा होता. त्यांनी आधी स्वतःपुरतं स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं की माझ्या मरणानंतर माझ्या पत्नीवर हे प्रकार करू नयेत. मग गावोगाव प्रस्ताव. एका माणसाचा स्टॅम्पपेपर, त्याचा गावाचा ठराव, त्याचं राज्याचं परिपत्रक, असा तो प्रवास आहे.

आता आतली गोष्ट. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, जे कमी असेल ते. ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. मी नोकरीत असे कितीतरी ठराव लिहिलेत जे पाच माणसांसमोर सर्वानुमते मंजूर झाले. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. परिपत्रकानंतर अनेक गावांनी ठराव केले हे चांगलंच, पण कुठल्या गावात सभा खरी भरली आणि कुठे नुसतं रजिस्टर भरलं हे एखादी मयत झाल्याशिवाय कळत नाही.

मळ्यातला | मंगळवार, दुपारी २:४०

ग्रामसेवक सायेब बरोबर बोलले. आमचा जिल्हा त्योच, गावाचं नाव घेत न्हाई. आमच्यात बी ठराव झाला, बोर्ड लागला, पेपरात फोटो आला. मग दोन म्हयन्यात शेजारच्या गल्लीतला एकजण गेला, पस्तिशीचा गडी. मयत उचलायच्या आधी आत बायकांचा गलका सुरू झाला. ज्यानं ठरावाला अनुमोदन दिलतं त्यो मेंबर दारात हुबा हुता, मी बी हुतो. त्यो म्हणला, बायकांचं बायका बघतील. फोडल्या की बांगड्या. आमी बाहेर तिरडी बांधत हुतो. आवाज आला.

पुढं दिवाळीच्या मागनं दुसऱ्या घरात झालं. तिथली सासू लई खमकी. तिनं सुनंला आतल्या खोलीत नेलं आन कडी घातली. भांडान न्हाई, भाषान न्हाई. बायका वट्ट्यावर वाट बघत बसल्या. मयत उचललं, गेलं बी, मग फोडायचं काय राह्यलं? कडी उघडली संध्याकाळी.

तिसऱ्या मयताला परत फोडल्या. चौथ्याला न्हाई. असं चाललंय आमच्यात. बोर्ड अजून हाय, त्याच्यावर आता क्लासची जाहिरात चिकटवल्या.

अनुस्वार | मंगळवार, दुपारी ४:१०

मी जरा उलटं बोलणार आहे, शिव्या पडल्या तरी चालेल. खूण ही फरक दाखवायलाच असते. कुंकू हे सौभाग्याचं लेणं आहे असा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी मिळून ठेवला. तुम्ही म्हणता सगळ्यांना लावा. लावा. पण मग ते सौभाग्याचं लेणं राहणार नाही, नुसती लाल पूड राहील. ज्या बायकांना त्यात खरंच काही वाटतं त्यांचं तुम्ही काढून घेताय. अर्थ असा एकट्यादुकट्याने बदलता येत नाही, नाहीतर उद्या मी म्हणेन लाल सिग्नल म्हणजे जा.

आणि आईंनी स्वतः नकार दिलाय, त्याचा मान ठेवा की. का त्यांच्यावर पुरोगामीपणाची सक्ती?

वाण_लुटा | मंगळवार, दुपारी ४:३२

अनुस्वार, एक सांगा. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला सगळ्याजणी कुंकू लावतात, तिला कुठे नवरा आहे? नवरात्रात कुमारिकांची पूजाच करतो आपण. म्हणजे कुंकू नवऱ्याने येत नाही, जन्मापासून असतं, नवरा मेल्यावर जातं फक्त. येतं कोणाच्याही हातून आणि जातं एकाच कारणाने. हे सौभाग्याचं लेणं कसं, ही तर मयताची पावती झाली.

आणि अर्थ बदलत नाही म्हणता? मंगळसूत्र मनगटावर ब्रेसलेटसारखं घालतात आता, टिकली साडीच्या रंगाची, निळी, हिरवी, काळी. वाण म्हणजे सुगड होतं त्याची आता गाळणी झाली. याला कुठे ठराव लागला. जिथे आपल्याला सोयीचं तिथे अर्थ भराभर सरकतो, विधवेपाशी आला की एकदम अनादी अनंत.

सायकलवाला_पेठेतला | मंगळवार, सायंकाळी ६:२०

वा वाण_लुटा, 'मयताची पावती' बेफाम.

कॉलेजात समाजशास्त्र होतं, त्यातलं एकच नीट लक्षात आहे कारण त्यात सायकल होती. माक्स वेबर म्हणून जर्मन विचारवंत होऊन गेला. त्याचं म्हणणं असं की दोन सायकली एकमेकींवर आदळल्या तर ती नुसती घटना झाली, दरड कोसळावी तशी. पण आदळू नये म्हणून दोघं एकमेकांना चुकवायला बघतात, किंवा आदळल्यावर 'डोळे फुटले का' म्हणून हमरीतुमरीवर येतात, तिथे समाज सुरू होतो, कारण आता प्रत्येकजण समोरच्याच्या मनात काय चाललंय ते धरून वागतोय. आणि पाऊस आला म्हणून रस्त्यावर सगळ्यांनी एकदम छत्र्या उघडल्या तर ते सामाजिक नव्हे, तिथे कोणी कोणाकडे बघत नाही, सगळे पावसाकडे बघतात.

आता कृष्णाकाठची यांचा हॉल बघा. वहिनींनी आईंकडे आणि तुमच्याकडे पाहिलं. त्यांच्या मागच्या दोघींनी वहिनींकडे पाहिलं. दहावीने नववीकडे. आईंकडे पहिल्या बाईनंतर कोणी पाहिलंच नाही. प्रत्येकीला वाटलं, इथली पद्धत अशी दिसतेय, आपण कशाला अवघडात टाका. पस्तीस चांगल्या बायकांनी एकमेकींची मर्जी सांभाळली आणि त्यातून एक वाईट रीत पंधरा मिनिटांत उभी राहिली. ज्या रिती आपण हजार वर्षांच्या म्हणतो त्या बहुतेक अशाच दर वेळी नव्याने उभ्या राहतात, आपल्याला वाटतं आयत्या आल्या.

अनुस्वारांचा सिग्नलचा मुद्दा बरोबरच आहे, एकट्याने अर्थ बदलत नाही. (पुण्यात लाल सिग्नलचा अर्थ लोकांनी मिळून बदललेलाच आहे, पण ते सोडा.)

अनुस्वार | मंगळवार, सायंकाळी ६:३५

सिग्नलचं मान्य :) कुमारिकांचा मुद्दा बिनतोड आहे, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण आईंच्या इच्छेचा प्रश्न उरतोच.

जर्सीची_वहिनी | बुधवार, पहाटे ५:५०

इकडे न्यू जर्सीत आमचं हळदीकुंकू फेब्रुवारीत शनिवारी असतं, कारण शाळेचा हॉल तेव्हा मिळतो. शंभरेक बायका, निम्म्या एकमेकींना ओळखत नाहीत, कोणाचा नवरा आहे, नाही, घटस्फोट झालाय, कोणाला काही कल्पना नसते. दाराशी दोघी उभ्या राहतात आणि येईल तिला लावतात. आमच्याबरोबर एक गुजराती आणि एक कोरियन मैत्रीण पण येते, तिलाही लावतात. मला वाटायचं आपण फार पुढारलेलो. मग एका वर्षी कोणाच्या तरी सासूबाई भारतातून आल्या होत्या, त्यांनी दारातच आपणहून सांगितलं 'मला नको, मी विधवा आहे'. आणि दाराशी उभी असलेली मुलगी, इथेच वाढलेली, जिला काही माहीतच नव्हतं, तिचा हात खाली आला. 'ओ, सॉरी' म्हणाली. म्हणजे आमच्याकडे प्रथा गेलेली नव्हती, फक्त माहिती नव्हती. माहिती मिळाल्याबरोबर प्रथा हजर.

सावळी | बुधवार, सकाळी १०:१५

पत्रिकेतल्या नावांबद्दल पण बोला कोणीतरी. सौ. अमुक, श्रीमती तमुक, आणि विधवेला गं. भा. माझ्या लग्नात आईच्या नावामागे गं. भा. छापून आलं होतं, छापणाऱ्याने न विचारताच घातलं, 'असंच असतं ताई' म्हणाला. मी सगळा गठ्ठा परत करून नुसती नावं छापली, सगळ्यांचीच, सौ. पण काढलं. तर सासरच्या मावशी रुसल्या की माझं सौ. का काढलं.

एप्रिल २०२३ मध्ये तर तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवांच्या नावाआधी 'गंगा भागीरथी' लावण्याबद्दल आपल्याच खात्याच्या सचिवांना पत्र दिलं होतं. हेरवाडला वर्ष व्हायचं होतं! गदारोळ झाला, मग 'फक्त चर्चा होती, निर्णय नाही' असं सांगितलं. दोन अक्षरं आणि दोन टिंबं, पण बाई मांडवात कुठे बसणार ते त्यावर ठरतं.

बुक्क्याचा_डबा | बुधवार, दुपारी १:००

वारीत चाललो आहे सात वर्षं. तिथे सकाळी एकजण गंधाची वाटी घेऊन येतो आणि रांगेने सगळ्यांच्या कपाळी लावत जातो. बाई, बुवा, म्हातारी, पोर, कोणी विचारत नाही तुझं घरी काय. बुक्का तसाच. तीच बाई गावी आली की दुसऱ्या करंड्यापुढे मागे सरते. कपाळ तेच, म्हणून म्हटलं.

मळ्यातला | बुधवार, दुपारी १:४५

कपाळावरनं आठवलं. माझ्या आज्जीच्या कपाळावर गोंदान हाय, हिरवं. आजा गेला तवा बायकांनी कुंकू पुसलं, ते गोंदान कसं पुसणार? आज्जी म्हणायची, मेल्यावर सोनंनाणं हितंच ऱ्हातंय, गोंदान तेवढं संगट येतंय. आजा बी पुसू शकला न्हाई त्ये, असं म्हणून हसायची.

कृष्णाकाठची | बुधवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार, एकेकाला उत्तर देत नाही. अनुस्वार, तुमचा प्रश्न टोचला म्हणून आज धीर करून आईला विचारलंच. ताट का उचललंस? तुला नको होतं म्हणून, की त्या बिचारीला अवघड नको म्हणून?

आधी म्हणाली काही नाही गं. मग भाजी निवडता निवडता बोलली. आमच्या थोरल्या काकू, म्हणजे आईची जाऊ, बत्तिसाव्या वर्षी विधवा झाल्या. एकाच वाड्यात राहायचो. आई दर वर्षी हळदीकुंकू करायची, चैत्रगौरीचं, संक्रांतीचं. म्हणाली, "मी करंडा घेऊन ओळीने जायची आणि जाऊबाई आल्या की त्यांना ओलांडून पुढच्या बाईला लावायची. त्या हात मागे घेऊन बसायच्या, मला सोपं जावं म्हणून. वीस वर्षं. कोणी सांगितलं नव्हतं मला तसं कर म्हणून, सासूबाई तर तेव्हा नव्हत्याच. मनात यायचं की लावावं. पण वाटायचं बाकीच्या काय म्हणतील, आणि बाकीच्या काय म्हणतील ते मला माहीत होतं कारण मी पण तेच म्हटलं असतं. आता तुझ्या घरी मी कपाळ पुढे करू? कोणत्या तोंडाने?"

मला वाटलं होतं आई लाजली. तसं नव्हतं.

मंगळसूत्राचं पण तेच. काकूंचं काढलं तेव्हा तीच शेजारी उभी होती, डबा धरून.

सायकलवाला_पेठेतला | बुधवार, रात्री १०:५१

यावर काही लिहिता येत नाहीये.

वाण_लुटा | बुधवार, रात्री ११:०२

काकू आहेत का अजून?

कृष्णाकाठची | बुधवार, रात्री ११:०४

आहेत की. ब्याऐंशी. मिरजेच्या पुढे गावी असतात, चुलतभावाकडे.

तिरपागडा | गुरुवार, सकाळी ८:२०

मी पहिल्या प्रतिसादात फार पटकन बोललो. करंडा टाकून दिला असता तर हे पण कधी बाहेर आलं नसतं. तरी माझं मत अर्धं तेच आहे हां, जी वस्तू वीस वर्षं कोणालातरी ओलांडायला वापरली तिला सगळ्यांना लावून पवित्र करण्यापेक्षा ठेवून देणं मला जास्त बरं वाटतं.

हिंगणे_स्टॉप | गुरुवार, सकाळी ९:१०

यात एक बघा, काकू 'हात मागे घेऊन बसायच्या, मला सोपं जावं म्हणून'. आणि आईंनी ताट उचललं ते वहिनींना सोपं जावं म्हणून. जिच्यावर अन्याय होतो तीच तो सुरळीत पार पडायला मदत करते आणि ते ती माणुसकीने करते. वहिनींच्या जागी कोणी उर्मट बाई असती तर आई कदाचित हटून बसल्या असत्या.

माजी_ग्रामसेवक | गुरुवार, सकाळी ११:३०

आमच्या रजिस्टरमध्ये याला रकाना नाही.

कृष्णाकाठची | गुरुवार (रथसप्तमीनंतर), रात्री ९:१५

धागा वर काढतेय, दोघातिघींनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं म्हणून.

आई मागच्या आठवड्यात मिरजेला परत गेली. मंगळवारी रथसप्तमी, हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस, त्या दिवशी सकाळची एसटी धरून एकटीच काकूंकडे गेली. मला रात्री फोनवर कळलं. जाताना पर्समध्ये करंडा घेऊन गेली होती, बाबांच्या वेळचा, पितळेचा.

दिवसभर तो काढलाच नाही म्हणे. जेवल्या, काकूंनी हुलग्याचं माडगं केलं होतं, वाड्याच्या वाटणीचं कोर्टात काय झालं ते बोलल्या, काकूंच्या गुडघ्याला तेल लावून दिलं. तीनदा पर्स उघडली आणि तीनदा चष्मा काढून परत बंद केली. निघताना काकू म्हणाल्या थांब. आतून सुपात तांदूळ आणि नारळ घेऊन आल्या आणि आईला पदर पसर म्हणाल्या. विधवेने विधवेची ओटी भरली, कुंकवाशिवाय. आईने विचारलं, "अहो जाऊबाई, चालतं का हे?" तर त्या म्हणाल्या, "कोण बघतंय? आणि बघितलं तर बघू दे, माझी धाकटी जाऊ रिकामी जायची का?"

येताना एसटीत गर्दी, पर्स दाबली गेली आणि करंड्याचं झाकण निघालं. चष्म्याचं घर, हातरुमाल, अर्ध्या तिकिटाचा कागद, सगळं लाल. घरी येऊन पर्स झटकली तर फरशीपण लाल, आणि आता ते निघत नाहीये.

तांदळाचं काय केलंस विचारलं तर म्हणाली, जुने होते, छान मोकळा भात झाला.

वाण_लुटा | गुरुवार, रात्री ९:४०

फरशीला लिंबू आणि खायचा सोडा लावून बघ, तासभर ठेवायचं. मोझॅक असेल तर लिंबू नको, डाग पडतो.

मळ्यातला | गुरुवार, रात्री ९:५२

माडग्यात गूळ घालत्यात का तुमच्यात?